उत्तमकाका विसरले नव्हते

उत्तमकाका गेल्याची बातमी मला मोबाईलवर आली आणि मी ती खरी मानली नाही. हात जोडलेला फोटो, कोपऱ्यात पणती, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि पाठवणाऱ्याचा नंबर माझ्याकडं सेव्ह नव्हता. असले मेसेज मी पुढं पाठवत नाही. आमच्या नाटकमंडळीत तसा नियमच होता आणि तो काकांनीच घातलेला. आलेली बातमी दोन माणसांना फोन करून विचारायची, आणि ती दोन माणसं एकमेकांची दोस्त नसावीत. म्हणून मी पहिला फोन काकूंच्या शेजारणीला लावला. तिनं उचलला, आणि ती काही बोलायच्या आतच मागचं रडणं ऐकू आलं. दुसरा फोन मी केलाच नाही... काकांचा मी मोडलेला हा दुसरा नियम. पहिला कोणता, ते सांगायला हे लिहिते आहे.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. वाळूजच्या एका कारखान्यात सेफ्टी खात्यात त्यांची उभी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर माणसं देवळं बांधतात, प्लॉट घेतात. काकांनी नाटकमंडळी काढली. आमच्या भागातून एक नाला जातो. नाल्याच्या अलीकडं बौद्धांची वस्ती, त्यात काकांचं दोन खोल्यांचं घर. पलीकडं मुसलमानांचा मोहल्ला. वर डांबरी रस्त्याला मराठ्यांची, मारवाड्यांची, बाकीच्यांची घरं आणि दुकानं. या तिन्ही ठिकाणची पंधरा-वीस पोरंपोरी काकांनी गोळा केली आणि त्यांचं एकच नाटक वर्षानुवर्षं चालवलं. एक गाडी एका हातगाडीला धडकते. केळी रस्त्यावर सांडतात. कुणीतरी मोबाईलमध्ये अर्धंच शूटिंग करतो, ते अर्धंच पुढं जातं, आणि दहा मिनिटांत 'त्यांनी आपल्याला मारलं' अशी आरोळी उठून दोन जमाव समोरासमोर येतात. इथं काका शिट्टी वाजवायचे. सगळे जागच्या जागी थिजायचे. मग काका बघणाऱ्यांना विचारायचे, "आता बोला. इथं तुमच्यापैकी कोण असता, अन् काय केलं असतं?" आणि माणसं खरंच उठून यायची. एकदा भाजीवाली आजी तरातरा पुढं आली, शूटिंग करणाऱ्या आमच्या नटाच्या हातातला मोबाईल हिसकावून आपल्या कमरेला खोचला आणि म्हणाली, "आधी हे मेलं बंद कर, मग मी सांगते कोण मुसलमान अन् कोण कोण ते!" तो मोबाईल परत घ्यायला आम्हाला अर्धा तास लागला.

नाटकात शहराचं नाव घ्यायचं नाही, असा काकांचा हुकूम होता. कुणी औरंगाबाद म्हणेल, कुणी संभाजीनगर, आणि भांडण नाटकातलं राहायचं बाजूला, नाटकावरच पेटायचं.

शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. फलक कुणी लावला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यावर काकांच्या फोटोपेक्षा मोठे फोटो चार जिवंत माणसांचे होते, आणि त्यातल्या एकानंही काकांचा एक प्रयोग उभा राहून पूर्ण पाहिलेला नाही, हे मी कुठंही लिहून द्यायला तयार आहे. एकजण म्हणाले, काका शांततेचे दूत होते. काका असते तर त्यांनी शेजारच्याच्या कानात विचारलं असतं, "कुणाचा निरोप घेऊन आलो म्हणे मी?" मग शांतता समितीतले एक गृहस्थ उठले. ते खरोखर काकांवर माया करणारे होते, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागलं. ते म्हणाले, "माणूस लई मोठा. वयानं एकदाच विसर पडला त्यांना, एकदाच... पण त्याचं ओझं ते मरेपर्यंत वागवत राहिले." सभा हळहळली. माना हलल्या. अगदी मागं, दाराशी, नाल्यापलीकडचे मुनीरभाई टेलर उभे होते. त्यांनी मान हलवली नाही, खाली घातली. माईक माझ्यापासून तीन खुर्च्यांवर होता. मी उठले नाही.

काका विसरले नव्हते. मी सांगितलं नव्हतं.

आता हे नीट सांगायचं तर मी या मंडळीत कशी शिरले तिथून सांगावं लागेल. मी करमाडची. शिक्षणासाठी शहरात आले आणि वर्षभरातच एका संघटनेत पत्रकं लिहायला लागले. 'शांतता' या शब्दावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. सण जवळ आले की समित्या बसतात, चहा-बिस्किटं होतात, पेपरात फोटो येतो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला सगळे मिळून सांगतात की बाबा, गप्प बस, शांतता राख. 'शांतता हवी की न्याय?' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं माझं पत्रक घेऊन मी काकांच्या प्रयोगाला गेले होते, ते वाटायलाच. काकांनी एक घेतलं, चष्मा कपाळावर चढवून उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि म्हणाले, "चांगलंय. कुठली तू?" मी म्हणलं, करमाड. "मग करमाड, हे न्यायाचं नाटकात कसं दाखवायचं ते सांग बरं. मला नाय जमलेलं अजून." तेव्हापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय करमाड, आज कुणाचा निषेध?" मी नाटकात भर घालायला लिहून नेलेले संवाद ते वाचायचे आणि परत द्यायचे. "तुझं पात्र बोलत नाय, घोषणा देतं. केळीवाल्याला आधी केळी उचलू दे."

तर अशी मी मंडळीत राहिले, आणि राहिले ती डोळे उघडे ठेवून. स्पष्टच लिहिते, मला काकांचा संशय होता.

त्याचं कारण त्यांची फेरी. दंगलीचा प्रसंग शाळेमागच्या मोकळ्या जागेत बसवायचा असला की त्या दिवशी दुपारी काका घरातून निघायचे आणि सगळा भाग पायी फिरायचे. रस्त्यावरचं सलून, किराणा, नाल्यावरचा चहावाला, बुद्धविहार, पलीकडं मशिदीजवळचा बेकरीवाला, मुनीरभाईंचं शिवणाचं दुकान... आणि सगळ्यात आधी पोलीस चौकी. प्रत्येक ठिकाणी जाऊन एकच सांगायचं, आज पाच वाजता शाळेमागं आरडाओरडा होईल, तो खोटा आहे, आमची तालीम आहे. नुसतं सांगून काका निघायचे नाहीत. समोरच्याकडून ते परत म्हणून घ्यायचे. "किती वाजता? कुठं? अन् कसं?" समोरच्यानं "पाच वाजता, शाळेमागं, खोटं" असं म्हणेपर्यंत हा माणूस जागचा हलायचा नाही. सलूनवाला विठ्ठल वैतागायचा. "काका, गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावलाय, अन् तुम्ही माझी तोंडी परीक्षा घेता व्हय?" काका म्हणायचे, "लाव फेस. पण म्हण."

हे त्यांनी कारखान्यातून आणलं होतं. आग लागली तर काय करायचं याची खोटी कवायत कारखान्यात होते, तिला मॉक ड्रिल म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीला एकदा साहेबांनी कुणाला न सांगता भोंगा वाजवला, कामगार किती चपळ आहेत ते बघू म्हणून. एका कामगारानं माडीवरून उडी घेतली. आग नव्हतीच, पाय मात्र खरा मोडला. काका म्हणायचे, "खोटी आग लावायची तर आधी सगळ्यांना सांगून लावावी. नायतर ती खरीच असती."

हे सगळं मला आज समजतं. तेव्हा मला दिसायची ती चौकी. कलाकारानं तालमीसाठी पोलिसांच्या पायऱ्या का झिजवाव्यात? आज सांगायचं, उद्या विचारायचं, परवा ते सांगतील तेवढंच करायचं! मी त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले, "आपण परवानगी मागत नाय करमाड, खबर देतो." खबर! हा शब्द ऐकून माझे कान टवकारले नसते तरच नवल. चौकीतल्या जमादारासोबत ते चहा प्यायचे. हसायचेसुद्धा. त्यांच्या खिशात एक छोटी वही असायची, तिच्यात मोहल्ल्यातल्या माणसांची नावं आणि नावापुढं बरोबरच्या खुणा. मी विचारलं तर म्हणाले, कुणाकुणाला सांगून झालं त्याच्या खुणा. मला पटलं नाही. एकदा वही बाकावर राहिली असताना मी दोन पानांचा फोटो काढला आणि संघटनेतल्या मित्रांना दाखवला. एकजण बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सगळी नावं नाल्यापलीकडचीच आहेत." मला हवं होतं ते मला मिळालं. दुसऱ्या दोन पानांवर अलीकडची नावं असतील, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. मी ती पानं उलटली नव्हती.

मग तो दिवस. त्या आठवड्यात शहरात आधीच कुजबुज होती. कुणीतरी मोबाईलवर काहीतरी टाकलं होतं, कुणीतरी त्याला उत्तर दिलं होतं, शाळेतून पोरं लवकर घरी नेली जात होती. प्रयोग चार दिवसांवर. काका तापानं पडलेले. दुपारी मी त्यांच्याकडं गेले तर गोधडीतून हात बाहेर काढून त्यांनी ती वही मला दिली. "आज तू फिर. मुनीरभाईकडं दोनदा जा, पहिल्यांदा तो मशीनवर असतो, अर्धंच ऐकतो. अन् म्हणून घे प्रत्येकाकडून." मी म्हणलं, हो.

मी वही घेऊन बाहेर पडले आणि कुठंही गेले नाही.

आळस नव्हता, विसर नव्हता. मी परीक्षा घेत होते. माझं गणित सोपं होतं. आज चौकीत कुणीच काही सांगितलं नाही आणि तरीही पोलीस आले, तर आमच्यात कुणीतरी आतून कळवतं आहे हे सिद्ध होईल. आणि परीक्षा चोख व्हायची तर दुकानांतही सांगायचं नाही, कारण दुकानातून बातमी चौकीत जाऊ शकते. दोन तास मी नाल्याच्या कठड्यावर बसून काढले. माझ्या हुशारीचं मला कौतुकसुद्धा वाटत होतं... हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

पाच वाजता तालीम सुरू झाली. पोरं त्या दिवशी जीव ओतून ओरडली. बाहेरचं वातावरणच तसं होतं. "मारा! आले रे आले!" आम्हाला ते रोजचं होतं. भिंतीपलीकडं ते कुणालाही रोजचं नव्हतं. आधी शटर पडल्याचे आवाज आले, एकामागून एक, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बायका पोरांना हाका मारायला लागल्या. मी धावत नाल्याच्या पुलावर गेले तर चहावाल्याचं पातेलं आडवं पडलेलं, तो स्वतः गायब, आणि पलीकडून वीस-पंचवीस तरुण आमच्याकडं पळत येत होते, काठ्या घेऊन. आमच्याच मंडळीतला एक पोरगा त्यांच्यासमोर दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि ओरडायला लागला, "नाटक है भाई, नाटक है!" ते त्याला ओळखत होते म्हणून थांबले. नसते ओळखत तर... मी तो विचार पुढं नेत नाही. पोलिसांची गाडी आली. आली ती शटरं पडल्याचे फोन गेले म्हणून आली. माझी परीक्षा तिथंच निकालात निघाली. पोलीस येण्याचं कारण मी स्वतःच झाले होते.

कुणी मेलं नाही, काही जळलं नाही. पेपरात आलं नाही. पण मुनीरभाईंनी घाईघाईत शटर खाली ओढताना उजव्या हाताची दोन बोटं पट्टीखाली सापडली. शेरवान्या शिवणारा हात. बोटं राहिली, पण वळेनाशी झाली. कात्री तेव्हापासून त्यांच्या बेगम धरतात.

गाडीतून उतरलेल्या पोलिसानं विचारलं, जबाबदार कोण? माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते, पण त्यातून शब्द निघाला नाही. तेवढ्यात गर्दीतून काका आले. अंगावर गोधडी तशीच. म्हणाले, "मीच. ताप होता. सांगायचं विसरलो." माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ताप अंगात असताना ते दुकान न् दुकान फिरले आणि हेच म्हणाले. विसरलो. माफ करा. कुणी समजून घेतलं, कुणी म्हणालं म्हाताऱ्याला झेपत नाही आता. काकांना शांतता समितीच्या बैठकीचं बोलावणं येईनासं झालं. मुनीरभाई आणि काकांची वीस-एक वर्षांची दोस्ती. आमच्या नाटकाचे सगळे कपडे मुनीरभाईच शिवायचे, तेही गप्पा मारत. त्यांनी काकांना एवढंच विचारलं म्हणे, "इतने साल में एक दिन भूले, उत्तमभाई, और वो भी यहीच दिन?" त्यानंतर ते काकांशी बोलले नाहीत.

मी काकांना एकटं गाठून विचारलं. का? ते खाटेवर बसून पायाला तेल लावत होते. म्हणाले, "माझं नाव जुनंय. थोडं झिजलं तर चालतंय. तुझं आत्ता कुठं लोक घ्यायला लागलेत. आजच मोडलं तर नाल्यापलीकडं तुला कोण उभं करंल?" मग बाटलीचं बूच लावत म्हणाले, "पण सांगशील तू. तुला जमंल तेव्हा सांग." बस्स. रागावले नाहीत, समजावलं नाही.

तुम्हाला वाटेल मी तिथं रडले असेन. नाही. मला संशय आला! माणूस फुकट कशाला कुणाची चूक अंगावर घेईल? आता मी यांच्या उपकाराखाली. उद्या हे मला सांगतील, आज अमक्या मोर्चात कोण कोण होतं ते बघून ये... खबरे असेच तर माणसं बांधून घेतात, असं आमच्या संघटनेत शिकवलं होतं. मी वाट बघत राहिले. महिने गेले. त्यांनी काहीच मागितलं नाही. त्या दिवसानंतर मंडळी बंद होती ती पुन्हा सुरू झाली, केळी पुन्हा सांडली, शिट्टी पुन्हा वाजली, आणि काका पुन्हा प्रत्येक तालमीआधी फेरीला निघाले, आधीपेक्षा हळू. मी त्यांच्याबरोबर जात नव्हते. 'सांग' म्हणाले होते, आणि मी रोज ठरवायची की प्रयोग झाल्यावर सांगू, सण झाल्यावर सांगू, कॉलेजची परीक्षा झाल्यावर सांगू. मग एका सकाळी आंघोळीला पाणी तापत ठेवून ते खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. डॉक्टर येईपर्यंत पाणी उकळून आटलं होतं, असं काकू म्हणाल्या.

शोकसभेनंतर मी चौकीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी. त्याच जमादाराला सरळ विचारलं, "उत्तमकाका तुम्हाला काय सांगायचे?" तो म्हणाला, "काय सांगनार? पाच वाजता, शाळेमागं, खोटं. माझ्याकडून म्हणून घ्यायचे, मी वर्दीत असताना! मी कैकदा विचारलं, काका, पोरं कोन कोन असतेत, पलीकडची कोनती? तर म्हणायचे, नाटक बघायला या, दिसतील." मग म्हणाला, "गेलो नाय कधी." हे ऐकून मला बरं वाटलं आणि लगेच वाटलं, हा तरी खरं कशावरून बोलतोय? पोलिसाच्या साक्षीवर मी माणूस निर्दोष ठरवते आहे, हे काकांना कळलं असतं तर ते पोट धरून हसले असते. माझ्या मनाची ही सवय सुटलेली नाही. फक्त आता मी आधी स्वतःवर संशय घेते, एवढंच.

पुढच्या आठवड्यात तालीम ठरली. काकूंनी वही माझ्याकडं दिली. त्यांना वाटलं ती मंडळीची आहे. मी ठरवलं, फेरीला जायचं आणि प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी सांगायच्या. आज पाच वाजता काय होणार, आणि त्या दिवशी काय झालं होतं. विठ्ठलच्या सलूनपासून सुरुवात केली. मी सगळं सांगितलं, वही दाखवली, कठड्यावर बसले होते तेही सांगितलं. विठ्ठलनं वस्तरा खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "लई गुणाची पोर गं तू. काका गेले, आता त्यांची चूक अंगावर घ्यायला निघालीस."

मी म्हणलं, अहो नाही, खरंच मी...

"असू दे, असू दे. आम्ही नाय काकांना नावं ठेवत. वय झालं होतं त्यांचं."

किराणावाल्या काकींनी माझ्या हातावर चिक्की ठेवली. चहावाला म्हणाला, "काकांनीच शिकवलंय ना हे? आम्ही वळखतो तुम्हा नाटकवाल्यांना." बेकरीवाल्या चाचांनी दुवा दिली. मी जितकं ओरडून सांगावं तितकी मी थोर ठरत होते! ज्या भागात खोटी बातमी दहा मिनिटांत नाल्यापार जाते, तिथं माझी खरी गोष्ट एका दुकानाच्याही पायरीवर टिकेना. म्हणून हे छापायला दिलं आहे. विठ्ठलच्या सलूनमध्ये ही पुरवणी येते. विठ्ठलभाऊ, वाचा. चूक काकांची नव्हती. माझी होती, आणि जाणूनबुजून केलेली होती.

मुनीरभाईंचं दुकान मी शेवटी ठेवलं होतं. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. ते मशीनवर होते. बेगम आत पडद्याआड कापड कापत होत्या. मी पायरीवरूनच बोलायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. पाय पायडलवरून काढला. "शुरू से बोल, बेटा." मी पुन्हा पहिल्यापासून बोलले. वहीचा फोटो, संघटना, परीक्षा, कठडा. त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही, थोर म्हणाले नाहीत, पाणीही विचारलं नाही. त्यांनी ते खरं मानलं. आख्ख्या फेरीत त्यांनी एकट्यानं.

"उत्तमभाईकू मालूम था?"

"हौ."

"पहले दिन से?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी त्या दोन बोटांकडं बघितलं. मग म्हणाले, "वो उसके बाद भी आता था. हर बार. जहां तू खडी है ना, वहींच खडा रहता था. पाच बजे, स्कूल के पीछे, झूठ है बोलके बोलता था. मैं मशीन जोर से चलाता था, के सुनाई नै आना. वो मेरे मूं से सुने बगैर जाता नै था, तुझे तो मालूम है उसकी आदत... तो खडा रहता था. मैं भी जिद्दी. कुर्ते की एक पूरी आस्तीन सिलके हो जाती थी, फिर वो चला जाता था."

पडद्याआडचा कात्रीचा आवाज थांबला होता.

"अब मेरेकू किसकू बोलना चाहिए, तूच बता."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही. टाकूनही दिली नाही, नुसती ऐकली. मग ज्या कामासाठी आले होते ते तरी पुरं करावं म्हणून मी म्हणलं, आज पाच वाजता, शाळेमागं आरडाओरडा होईल. खोटा आहे. ते त्यांच्याकडून म्हणून घ्यायची माझी हिंमत नव्हती. मुनीरभाई खाली मान घालून बसले होते. पाय पायडलजवळ होता, पण मशीन बंद होती. मी पायरीवर उभी राहिले, आणि त्यांनीही मला जा म्हणलं नाही.